सजीवसृष्टीची समान लिपी

मातीतील जीवाणू साध्या डोळ्यांना दिसत नाही आणि कापसाचे झाड पुरुषभर वाढते. तरीही त्या जीवाणूचे जनुक, थोडेफार बदल करून, कापसाच्या पेशीत घातले तर पेशीला ते वाचता येते व तेच प्रथिन तयार होते. २००२ साली भारतात लागवडीस परवानगी मिळालेला आणि पुढे विदर्भात सर्वत्र पसरलेला बीटी कापूस असाच घडवलेला आहे. दोघांची लिपी एक असल्यामुळेच हे शक्य झाले. या लिपीला 'जनुकीय संकेत' म्हणतात.

डी.एन.ए.मधील सूचनेची प्रत आर.एन.ए.वर उतरते. त्याची अक्षरे चारच : ए, यू, जी आणि सी. तीन अक्षरांचा एक शब्द, म्हणजे त्रिक. अशी ६४ त्रिके होतात. त्यांपैकी ६१ त्रिके २० अमिनो आम्ले दर्शवतात, तर ३ पूर्णविरामाचे काम करतात. १९६१ साली नीरेनबर्ग आणि मथाई यांनी पहिल्या त्रिकाचा अर्थ लावला. पुढील उकल करण्यात अविभाजित पंजाबात जन्मलेल्या हरगोविंद खोराना यांचा मोठा वाटा होता. १९६८ साली नीरेनबर्ग व हॉली यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मग हा संकेत आला कोठून? त्याच वर्षी फ्रान्सिस क्रिक यांनी त्याला 'गोठलेला योगायोग' म्हटले. त्रिकांना अर्थ योगायोगाने मिळाले. नंतर ते बदलले असते तर असंख्य प्रथिने एकदम बिघडली असती, म्हणून ते तसेच राहिले, असा त्यांचा तर्क होता.

परंतु मांडणी पाहता केवळ योगायोग पुरेसा वाटत नाही. जी-सी ही पहिली दोन अक्षरे असतील, तर तिसरे कोणतेही असो, अर्थ ॲलॅनिन हाच होतो. म्हणजे तिथे एक अक्षर चुकले तरी प्रथिन शाबूत राहते. चुका पचवणारी ही मांडणी नैसर्गिक निवडीने टिकली असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. शिवाय संकेत पूर्णपणे गोठलेलाही नाही. मानवी पेशीच्या तंतुकणिकेत यू-जी-ए हे त्रिक पूर्णविराम नसून ट्रिप्टोफॅन दर्शवते, हे १९७९ साली आढळले.

संकेतापूर्वी आर.एन.ए.सारखे रेणू कसे घडले असतील, याचा शोध पुण्याच्या 'आयसर' संस्थेत डॉ. सुधा राजमणी यांच्या गटाने घेतला आहे. उत्तर अद्याप अपूर्ण आहे. मात्र एक गोष्ट निश्चित : ज्यांची लिपी एक, त्यांचा पूर्वजही एक. गवताच्या पात्यापासून माणसापर्यंत सारी सजीवसृष्टी एकाच कुळातील आहे.