कॅलॅडियम

कॅलॅडियम ही सुरण कुलातील (ॲरेसी) एक बहुवर्षायू कंदवर्गीय वनस्पती असून ती तिच्या रंगीबेरंगी पानांसाठी कुंडीत लावली जाते. अळू व सुरण ही तिची भावंडे होत. ही प्रजाती मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील आहे. बागेत आढळणारे बहुतेक वाण 'कॅलॅडियम बायकलर' या जातीपासून संकराने तयार झाले आहेत. जगात विकल्या जाणाऱ्या कंदांपैकी बहुतांश कंद अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, लेक प्लॅसिड या गावाच्या परिसरात पिकवले जातात.

वर्णन
पाने हृदयाकृती किंवा बाणाकृती, पातळ व लांब देठाची असतात. त्यांवर पांढरे, गुलाबी व लाल ठिपके, पट्टे किंवा शिरा दिसतात. पांढऱ्या भागात हरितद्रव्य अत्यल्प असते, तर लाल-गुलाबी छटा अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतात. फुलोरा अळूसारखाच, म्हणजे महाछदाने वेढलेले स्थूलकणिश असतो. त्याच्या तळाशी स्त्री-पुष्पे व वरच्या भागात पुं-पुष्पे असतात. फुलोऱ्यावर खर्च होणारी शक्ती पानांना मिळावी म्हणून तो बहुधा खुडला जातो.

लागवड व निगा
महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडावर कंद लावणे सोयीचे असते. माती, शेणखत व वाळू किंवा कोकोपीट यांचे भुसभुशीत मिश्रण घेऊन कंद सुमारे ४ ते ५ सेंमी. खोल, डोळे वरच्या बाजूस ठेवून लावावा. कुंडीला तळाशी छिद्र असणे आवश्यक आहे, कारण साचलेल्या पाण्याने कंद कुजतो. माती ओलसर असावी, चिखल नसावा.

सुमारे २० ते ३० अंश सेल्सियस तापमान व दमट हवा या झाडाला मानवते. दुपारच्या कडक उन्हात पाने करपतात, तर फार अंधारात देठ लांबून रंग फिके पडतात. म्हणून पूर्वेकडील खिडकी किंवा गाळीव उजेडाची गॅलरी योग्य ठरते. लाल कोळी, मावा व पिठ्या ढेकूण यांसाठी पानांची खालची बाजू अधूनमधून तपासावी.

सुप्तावस्था
पावसाळा सरल्यावर हळूहळू पाने पिवळी पडून गळतात. झाड मेले असे समजून कुंडी रिकामी करण्याची घाई करू नये. ही त्याची नैसर्गिक विश्रांती असते. पाणी कमी करत थांबवावे आणि कंद कुंडीतच किंवा कोरड्या वाळूत, थंडी न लागेल अशा जागी ठेवावा. पुढील हंगामात त्याला नवे कोंब फुटतात. मोठ्या कंदाचे, प्रत्येकी किमान एक डोळा असलेले तुकडे करून, काप सुकल्यावर लावल्यास नवी रोपे मिळतात.

विषारीपणा
या झाडाच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंड व घसा यांची तीव्र आग होते व सूज येते. कोवळी किंवा हिरवा अंश अधिक असलेली पाने अळूसारखी भासत असल्याने महाराष्ट्रातील घरांत विशेष दक्षता हवी. अळूच्या भाजीत चिंच घालून खाज कमी करतात, म्हणून कॅलॅडियमही शिजवून खाता येईल असे मानू नये. ही कुंडी भाजीच्या अळूपासून दूर आणि लहान मुले व पाळीव प्राणी यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी. पान तोंडात गेल्यास तोंड पाण्याने धुवावे आणि सूज किंवा श्वासाचा त्रास दिसताच त्वरित डॉक्टरांकडे जावे.