हेडफोनमुळे येणारा श्रवणशीण व त्यावरील घरगुती फेरफार

कर्णनाद, कर्णशूल, शंखप्रदेशी वेदना व मन्याप्रदेशीचा ताठरपणा घेऊन येणाऱ्या रुग्णांचे वय अलीकडे बरेच उतरले आहे. आमच्या नायगाव परिसरात एके काळी श्रवणाच्या तक्रारी म्हटल्या की साचाखात्यात आयुष्य काढलेला गिरणी कामगार डोळ्यांसमोर येई. 1982 च्या संपानंतर ती पिढी हळूहळू मागे पडली. आज त्याच वस्तीतील तरुण कानांवर हेडफोन चढवून दिवसाचे सहा-आठ तास बसलेला असतो. एका खोलीच्या बिऱ्हाडात एकाची नोकरी, दुसऱ्याचा अभ्यास आणि आजीची मालिका एकाच वेळी चालायची, तर दुसरा मार्गही नाही. अशा रुग्णास ‘हेडफोन वापरू नका’ असे सांगणे म्हणजे सल्ला न देण्यासारखेच आहे. त्यापेक्षा त्याच्याजवळ आहे तेच उपकरण सुसह्य कसे होईल, हे वैद्यास ठाऊक असणे उपयोगाचे ठरते.

चरकाचार्यांनी असात्म्येंद्रियार्थसंयोगाचे विवेचन करताना शब्दाचा अतियोग, अयोग व मिथ्यायोग वर्णिला आहे. मेघगर्जना, पटह यांचे अतिश्रवण हा अतियोग. हेडफोनच्या बाबतीत तीव्रतेपेक्षा कालावधीचा अतियोग अधिक आढळतो. श्रोत्र हे वाताचे एक स्थान आहे. तेथे सततचा शब्द, बाहेरून दाब आणि बंद गादीखालील उष्मा व स्वेद असे तिन्ही एकत्र येतात. श्रवणशीण हा एकच विकार नसून या निरनिराळ्या कारणांचा समुच्चय आहे, म्हणून प्रथम निदान हवे.

आम्ही रुग्णास एक साधी परीक्षा सांगतो. हेडफोन अर्धा तास कानांवर ठेवावा, मात्र त्यात काहीही वाजवू नये. तेवढ्यानेही कान वा कानशिले दुखली, तर दोष आवाजाचा नसून पकडीचा आहे. चष्मा वापरणाऱ्यांत हे फार आढळते. चष्म्याची काडी गादीखाली दाबली जाते आणि रुग्ण अर्धशिशीची औषधे घेत राहतो.

पकड सैल करण्याचा उपाय सोपा आहे. डोक्याच्या रुंदीहून किंचित अधिक रुंद असा पुस्तकांचा गठ्ठा करून त्यावर हेडफोन रात्रभर ताणून ठेवावा, सकाळी घालून पाहावा आणि गरज पडल्यास पुन्हा ठेवावा. पट्ट्यात धातूची पाती असल्यास ती हळूहळू वळते. निव्वळ प्लॅस्टिकचा पट्टा मात्र तडकतो, तेथे घाई नको. अति सैल केल्यास गादी कानाभोवती घट्ट बसत नाही, खर्जाचा आवाज निसटतो आणि ऐकणारा तो भरून काढण्यासाठी आवाज वाढवतो. म्हणजे एक दोष काढताना दुसरा पदरी पडतो.

कानाची गादी हा त्याहून महत्त्वाचा भाग. स्वस्त हेडफोनची गादी कृत्रिम चामड्याची असते आणि मुंबईच्या दमट हवेत तिची साल निघू लागते. डोक्याला भरपूर तेल लावणाऱ्यांची गादी तर त्याहून लवकर खराब होते (शिरोभ्यंग सांगणाऱ्या आम्हा मंडळींनी हे ध्यानात ठेवावे!). बदलीच्या गाद्या लॅमिंग्टन रोडवर मिळू शकतात. घेताना आतील पोकळीत कर्णपाली पूर्ण मावते की नाही हे पाहावे. पाळी दाबली जाणे हेच अनेकदा शूलाचे कारण असते. मखमली कापडाची गादी थंड राहते, स्वेद कमी होतो, परंतु खर्ज थोडा उतरतो. गादीच्या जाडीबरोबर ध्वनीच्या पडद्यापासून कानाचे अंतर बदलते, म्हणून नवी गादी बसविल्यावर आवाज निराळा वाटणे स्वाभाविक आहे.

आता प्रत्यक्ष आवाजाविषयी. मनुष्याचा कान साधारण 2000 ते 5000 हर्ट्झ या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो. हेडफोनची वाटी कठीण प्लॅस्टिकची. पडद्यामागील ध्वनी तिच्या भिंतींवर आपटून परततो आणि काही विशिष्ट स्वर प्रमाणाबाहेर उठून दिसतात. ‘स’, ‘श’ ही अक्षरे कानाला टोचतात. अशी टोचणी लागत असेल, तर वाटी उघडून पडद्यामागील पोकळीत लोकरी फेल्टचा पातळ तुकडा किंवा थोडा पिंजलेला कापूस ठेवतात. फेल्ट हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे मिळण्यासारखे आहे. बहुधा गादीखाली स्क्रू असतात. आतील तारा केसासारख्या बारीक असल्याने वाटी झटक्याने ओढू नये. पडद्यामागची बारीक छिद्रे बुजवू नयेत, ती हवेच्या हालचालीसाठी ठेवलेली असतात.

प्रथम एकाच बाजूस हा फेरफार करावा आणि दोन्ही कानांत सारखेच येणारे एखादे भाषण ऐकून डाव्या-उजव्याची तुलना करावी. फरक पसंत पडला तरच दुसरी बाजू उघडावी. याहून सौम्य उपाय म्हणजे गादीच्या आत, पडद्यासमोर, टिश्यू कागदाचा एक पदर. नको वाटल्यास तो काढता येतो. आणि ज्यास काहीच उघडावयाचे नाही, त्याने मोबाईलमधील इक्वलायझरमध्ये 4000 ते 8000 हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबलने उतरवावा. आमच्या मते आरंभ येथूनच करावा, कारण यास पैसा लागत नाही व मोडण्याचे भयही नाही. ज्यात बॅटरी आहे किंवा बाहेरचा गोंगाट कमी करणारे मायक्रोफोन आहेत, असे हेडफोन घरी उघडू नयेत.

येथे एक धोका सांगणे अगत्याचे आहे. शीण हा एका अर्थी इशारा असतो. उपकरण सुखद झाले की इशारा नाहीसा होतो आणि रुग्ण दोन तासांऐवजी पाच तास ऐकू लागतो. टोचणी गेली म्हणजे हानी गेली असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या निकषानुसार प्रौढांसाठी 80 डेसिबलचा ध्वनी आठवड्यास 40 तासांपर्यंत, तर मुलांसाठी 75 डेसिबलचा तेवढाच काळ, ही मर्यादा आहे. दर 3 डेसिबल वाढीस ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित काळ निम्मा होतो. 83 डेसिबलला 20 तास, 86 ला 10 तास. लोकलच्या खडखडाटात आवाज किती चढवला जातो हे आठवले, की हा हिशेब किती लवकर संपतो ते कळेल. फेरफार सुचविताना तासांची मर्यादाही त्याच चिठ्ठीवर लिहून द्यावी.

औषधी दुकानदार बंधूंस विनंती, की बिल्वतैलादी कर्णतैले मागणाऱ्यास हेडफोनविषयी अवश्य विचारावे. कर्णपूरणानंतर तेल कापसाने टिपून घ्यावे व काही तास कानात वा कानावर काहीही घालू नये. तैल, स्वेद आणि कोंडलेली हवा यांनी पावसाळ्यात बुरशीस आयतेच घर मिळते. बुरशी असलेल्या, स्रवणाऱ्या अथवा पडदा फाटलेल्या कानात तैल घालू नये. एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे झाल्यास मात्र हेडफोन, गादी, तैल यांचा विचार बाजूस ठेवून रुग्णास त्याच दिवशी कर्णतज्ज्ञाकडे धाडावे. तेथे उपचाराचे दिवस मोजकेच असतात.