चेहरा कंपनीचा, अंग कारागिराचे

1908 साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची एक चाचणी झाली. सुमारे 620 मैलांचा प्रवास आणि वाटेत सहा घाट. त्यात बाजी मारणारी रोल्स-रॉइस पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली आणि 'पर्ल ऑफ द ईस्ट' म्हणून ती प्रसिद्ध झाली. घाटात कस लागतो तो इंजिनाचा, हे सगळेच जाणतात. त्यावरच्या झाकणाचाही, म्हणजे बॉनेटचाही, तितकाच लागतो, इकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

कार्ल बेंझच्या 1886 च्या गाडीला बॉनेट नव्हतेच. इंजिन मागे होते. 1891 च्या सुमारास पॅरिसच्या पानार-लेव्हासोर कारखान्यात एमिल लेव्हासोरने ते पुढे आणले. धूळपावसापासून ते वाचवायचे म्हणून त्यावर एक खोके आले. या खोक्याला डौल मिळाला 1901 च्या 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीझमध्ये. विल्हेल्म मायबाखने 8,070 बारीक नळ्यांचा रेडिएटर गाडीच्या तोंडाशी उभा केला आणि त्याच्यामागे लांब, बसके बॉनेट घेतले. पुढची कित्येक वर्षे बहुतेकांनी हाच कित्ता गिरवला.

काहींनी मात्र वेगळी वाट धरली. रेनॉ कंपनीने रेडिएटर इंजिनाच्या मागे ठेवला. त्यामुळे तिचे बॉनेट पुढच्या बाजूला उतरते झाले, आणि हा घाट तिने 1920 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जपला. झार निकोलस दुसरा ज्यांचा ग्राहक होता, ते द्लोने-बेलव्हिल मूळचे जहाजांचे बॉयलर बनवणारे. त्यांच्या मोटारीचे रेडिएटर आणि बॉनेट दोन्ही गोल! धंद्याची ओळख त्यांनी गाडीच्या तोंडावरच मिरवली.

ही ओळख एवढी मोलाची का, ते त्या काळच्या व्यवहारात कळते. रोल्स-रॉइस पूर्ण मोटार विकत नसे. ग्राहकाला मिळे ती चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, इंजिन, रेडिएटर आणि बॉनेट. मागची बैठक, दारे, टप हे सारे बार्कर किंवा हूपर यांच्यासारख्या जुन्या बग्गीवाल्यांकडून बांधून घ्यायचे. एकाच चासीवर कुणी उघडी गाडी चढवी, कुणी बंद. कंपनीच्या हाती उरे तो पुढचा भाग, म्हणून तो तिने घट्ट धरून ठेवला. रेडिएटरचे कवच जर्मन सिल्व्हरचे पत्रे हाताने जोडून बनत असे. अगदी सपाट पृष्ठभाग डोळ्याला आत दबलेला भासतो, म्हणून त्याला किंचित फुगवटा दिलेला असे. बॉनेटच्या कडांना त्याच रेषेशी जुळवून घ्यावे लागे.

बॉनेटचे साधारण चार पत्रे असत, दोन वरचे आणि दोन बाजूचे, लांब बिजागऱ्यांनी जोडलेले. 1886 नंतर ॲल्युमिनियम स्वस्त होत गेले आणि महागड्या गाड्यांत तेच रुळले. पण नरम करण्यासाठी तापवताना हा धातू लोखंडासारखा लाल होऊन इशारा देत नाही, थेट वितळतो. म्हणून कारागीर पत्र्यावर साबण चोळत आणि तो काळपट पडला की आच काढत. नरम झालेला पत्रा लाकडी हातोडीने ठोकायचा आणि मग 'इंग्लिश व्हील'च्या दोन चाकांमधून पुन्हापुन्हा फिरवून गुळगुळीत करायचा. पितळी डब्याचे झाकण त्याच डब्याला बसते, तसे हे बॉनेट त्याच गाडीला बसे. पत्रा खडखडू नये म्हणून रेडिएटरच्या आणि मागच्या काठावर चामड्याची किंवा विणलेली पट्टी लावत.

खरी अडचण उष्णतेची. रेडिएटरमधून आत आलेली हवा बाहेर पडली नाही, तर नवी हवा आत कशी येणार? यासाठी बाजूच्या पत्र्यांत मागे तोंड केलेल्या उभ्या फटी पाडत. पत्रा पूर्ण न कापता एका कडेने चिरून बाहेर उचलायचा. सगळ्या फटींचे अंतर आणि उंची सारखी यायला हवी. एक जरी चुकली, तरी अख्खा पत्रा वाया.

पुढे इंजिने वाढली, तशी बॉनेटही लांबली. बुगाटी रॉयालच्या इंजिनाचे आकारमान 12.7 लिटर आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांतील अंतर 4.3 मीटर. अशा सहाच गाड्या बनल्या आणि ग्राहक मिळाले फक्त तीन गाड्यांना. मंदी आली, मग दाबयंत्रावर पोलादी पत्रे छापले जाऊ लागले आणि हाताने बॉनेट घडवणाऱ्यांचे काम आटले.

जुन्या मोटारींच्या मेळाव्यात लोक आधी गादी पाहतात, मग रेडिएटरवरची मूर्ती. यापुढे बॉनेटच्या फटी आणि बिजागऱ्याही पाहाव्यात. मागचा साज धन्याच्या हौसेचा असतो. बनवणाऱ्याचे कसब बॉनेटवरच कळते.