‘हॉर्मोन्स बिघडलेत’ म्हणजे नेमकं काय?

थकवा, चिडचिड, केस गळणं, पोट फुगणं, झोप न लागणं. यातलं काहीही होत असेल तर तुमचे हॉर्मोन्स बिघडलेत, असं बजावणाऱ्या याद्या हल्ली उठता-बसता समोर येतात आणि खाली बहुतेक वेळा दहा-बारा तपासण्यांचं पॅकेजही असतं. राशिभविष्यासारखी ही यादी कुणालाही लागू पडते. घर आणि नोकरी सांभाळणारी कुठली बाई संध्याकाळी थकत नाही? त्रास खोटा असतो असं मुळीच नाही. त्याचं मूळ बरेचदा दुसरीकडे असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्के. जिना चढताना लागणारी धाप, दिवसभराची मरगळ, कंगव्यात येणारे केस हे सगळं लोह कमी पडल्यानंही होतं. म्हणून सुरुवात साध्या सीबीसीपासून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीपासून करावी. सोबत लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइडसाठी टीएसएच. थायरॉइडचा विकार हॉर्मोनचाच आणि बायकांमध्ये बराच आढळणारा, पण तो ठरतो रक्ताच्या रिपोर्टवर, यादीतल्या खुणा मोजून नव्हे.

मग सगळं पॅकेजच करून घेतलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं, की बहुतेक हॉर्मोन्सचा आकडा वेळ पाहिल्याशिवाय वाचताच येत नाही. पाळीच्या चक्राच्या पहिल्या टप्प्यात प्रोजेस्टेरॉन कमीच असतं, ते बीजकोषातून बीज बाहेर पडल्यावर वाढतं. चक्राचा कितवा दिवस हे न विचारता काढलेल्या रक्तात ते कमी निघालं, तर त्यावरून काय कळणार? कॉर्टिसोल सकाळी चढं, रात्री उतरलेलं. प्रोलॅक्टिन तर सुईच्या धास्तीनंही वाढू शकतं. कहर म्हणजे केसांसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या. त्या काही तपासण्यांच्या रसायनक्रियेतच लुडबुड करतात, टीएसएच खोटंच कमी आणि टी-फोर हे थायरॉइडचं हॉर्मोन खोटंच जास्त दाखवतात, आणि धडधाकट थायरॉइड अतिसक्रिय ठरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ मध्ये बायोटिनमुळे रिपोर्ट चुकू शकतात असा इशारा दिला होता. तरीही रक्त काढताना ‘केसांची गोळी घेता का?’ हे विचारलं जाईलच असं नाही, आपणच सांगावं.

यावर आक्षेप येतो की बायकांच्या तक्रारी आधीच उडवून लावल्या जातात, त्यात ही भर कशाला. आक्षेप रास्त आहे. पण ‘हॉर्मोनल असेल’ हे उडवून लावण्याचंच सभ्य रूप आहे. खरा बिघाड बोलतो तेव्हा बऱ्यापैकी नेमकं बोलतो: दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून जास्त अंतर वारंवार पडणं, गरोदर नसताना तीन महिने पाळी न येणं, हनुवटीवर किंवा छातीवर राठ केस येणं, बाळ अंगावर पीत नसताना स्तनातून दूध येणं. पीसीओएस या हॉर्मोनच्या विकाराचं निदानही अशाच खुणांवर होतं. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत अनियमित बीजमोचन, पुरुषी हॉर्मोन्सचा अतिरेक आणि सोनोग्राफीतलं चित्र या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात आणि दुसरे विकार वगळावे लागतात. नुसत्या सोनोग्राफीवर शिक्का मारता येत नाही. त्यात दिसतात त्या ‘गाठी’ म्हणजे पूर्ण न वाढलेले छोटे बीजकोष असतात. सडपातळ मुलींना पीसीओएस होत नाही, हे खोटं. त्यात मूल होतच नाही, हेही खोटं. लग्न किंवा बाळंतपण झालं की तो आपोआप जातो, याला तर आधारच नाही.

पंचेचाळिशीनंतर पाळी मागेपुढे होत असेल आणि अंगातून वाफा निघत असतील, तर सहसा एफएसएच या हॉर्मोनच्या तपासणीची गरज नसते. लक्षणांवरूनच रजोनिवृत्तीचा काळ ओळखता येतो. मात्र पाळी वर्षभर बंद राहून नंतर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी ते हॉर्मोन्सच्या खाती टाकू नये. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग नाही ना, हे आधी पाहावं लागतं.