भोजनगृहातील ताट आणि कॅलरीचा आकडा

मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागातून रुग्णास आहारविभागाकडे पाठविले जाते, तेव्हा त्याच्याकडून मागील तीन दिवसांच्या खाण्याची नोंद घेण्याचा प्रघात आहे. घरी काय खाल्ले हे बहुतेक जण नीट सांगतात. दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी, मेथीची भाजी, बिनसाखरेचा चहा. नोंद अडते ती बाजाराच्या दिवशी. तालुक्याच्या गावी कचेरीत काम होते, बँकेत रांग होती, परतीची एस.टी. चुकली आणि दुपारचे जेवण हॉटेलात झाले. काय खाल्ले, या प्रश्नाला उत्तर मिळते. किती खाल्ले, या प्रश्नाला मात्र ‘एक राइसप्लेट’ एवढेच उत्तर येते. त्या राइसप्लेटमध्ये तेल किती होते, भात किती होता, हे रुग्णास ठाऊक नसते व आम्हांसही कळण्यास मार्ग नसतो.

हे अज्ञान काही अंशी दूर व्हावे म्हणून मोठ्या भोजनगृहांनी पदार्थाच्या किमतीशेजारी त्याचे उष्मांकमूल्य छापावे, असा नियम आपल्या देशात झाला आहे. शहरातील नातेवाइकांकडे जाऊन आलेले रुग्ण तो आकडा पाहून येतात आणि त्याचा अर्थ विचारतात. त्यांच्यासाठी, आणि या अहवालाच्या वाचकांत जे हॉटेल-व्यवसायातील हितचिंतक आहेत त्यांच्यासाठीही, या विषयाची थोडी सविस्तर मांडणी येथे करीत आहोत.

आहारात आपण ज्यास कॅलरी म्हणतो ती वस्तुतः किलोकॅलरी होय. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ अथवा एक ग्रॅम प्रथिने यांपासून शरीरास सुमारे ४, तर एक ग्रॅम स्निग्धांपासून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील अ‍ॅटवॉटर या शास्त्रज्ञाने घातलेले हे गणित आजही जगभर वापरले जाते. आपल्याकडील धान्ये, कडधान्ये, भाज्या यांचे कोष्टक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तयार केले असून त्याची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४, तर बाजरीत सुमारे ३४८ किलोकॅलरी असतात. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे साधारणतः २०० किलोकॅलरी, आणि चहाचा एक लहान चमचा तेल म्हणजे सुमारे ४०. म्हणजेच पाच चमचे तेल एका भाकरीच्या बरोबरीचे ठरते. ही एक गोष्ट रुग्णाच्या मनात ठसली तरी आमचे निम्मे काम होते.

कॅलरी हा शब्द महाराष्ट्रास नवा नाही. पूर्वी तो निराळ्या संदर्भात ऐकू येत असे. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दररोज माणशी २,२५० कॅलरी देणारा आहार हा त्यांनी मोजमापाचा आधार मानला होता. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मोठा दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर वाटल्या गेलेल्या सुकडीची चव आपल्या जिल्ह्यातील वयोवृद्धांना आजही आठवते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या आरोग्यकार्यात बालकांचे वजन घेणे व कुपोषण रोखणे यास अग्रस्थान होते. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने दारिद्र्यरेषेसाठी ग्रामीण भागात २,४०० व शहरी भागात २,१०० कॅलरी हे प्रमाण धरले. त्या काळी आकडा मोजला जाई तो कमतरतेचा. आज त्याच आकड्याने आधिक्य मोजण्याची वेळ आली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज मांडण्यात आला. कमतरता संपली, असा मात्र याचा अर्थ नव्हे. क्षयरोगाचा कृश रुग्ण आणि पोट सुटलेला मधुमेही एकाच बाकावर बसलेले आम्ही नेहमी पाहतो, आणि क्वचित ते एकाच घरातून आलेले असतात.

आता नियमाविषयी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये लेबलिंग व प्रदर्शनविषयक विनियम अधिसूचित केले. ज्या भोजनगृहांकडे केंद्रीय परवाना आहे, अथवा ज्यांच्या दहा वा अधिक ठिकाणी शाखा आहेत, त्यांनी मेनूकार्डावर किंवा फलकावर प्रत्येक पदार्थासमोर एका वाढणीचे प्रमाण व त्यातील किलोकॅलरी छापाव्यात, असे त्यात म्हटले आहे. सक्रिय प्रौढ व्यक्तीस दिवसाला सरासरी २,००० किलोकॅलरी लागतात, परंतु ही गरज व्यक्तिपरत्वे बदलू शकते, ही सूचनाही सोबत असावी लागते. घरपोच अन्न मागविण्याच्या संकेतस्थळांनीही ही माहिती भोजनगृहांकडून घेऊन दर्शवावयाची आहे. या तरतुदी १ जानेवारी २०२२ पासून लागू व्हावयाच्या होत्या. अंमलबजावणीस पुढे १ जुलै २०२२ पर्यंत मुदत मिळाली. समारंभाचे जेवण पुरविणारे, वर्षातून साठ दिवसांहून कमी काळ चालणारी भोजनगृहे आणि ग्राहकाच्या मागणीवरून बदल करून दिलेले पदार्थ यांना या नियमातून वगळले आहे.

या वर्णनाच्या चौकटीत आपला जिल्हा कितपत बसतो? नगर शहरात मोठ्या साखळी-उद्योगांच्या शाखांत पिझ्झा व बर्गर मिळतात. तेथे आकडा दिसावयास हवा. परंतु पुणे, मनमाड, कल्याण या रस्त्यांवरील ढाबे, बसस्थानकाजवळची खानावळ, शिर्डी व शनिशिंगणापूरच्या यात्रेकरूंवर चालणारी लहान हॉटेले, वडापावची गाडी, आणि लग्नसराईत एकाच महिन्यात दहा ठिकाणी होणारी जेवणे, ही सारी नियमाच्या बाहेरच राहतात. आमच्या रुग्णांचे बाहेरचे खाणे बव्हंशी येथेच होते.

मग लहान हॉटेलांवरही हा नियम लादावा काय? काही सुशिक्षित रुग्णांनी आम्हांस तसे सुचविले. आमचे मत याच्या विरुद्ध आहे, आणि त्याचे कारण मिसळीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एका प्लेटमध्ये तीस ग्रॅम मटकीची उसळ, पन्नास ग्रॅम फरसाण, वर दोन मोठे चमचे तेलाची तर्री आणि सोबत दोन पाव असे धरू. उसळीचे सुमारे १००, फरसाणाचे २६०, तर्रीतील तेलाचे २४० व पावांचे २०० मिळून ८०० किलोकॅलरी होतात. त्याच हॉटेलात दुसऱ्या दिवशी दुसरा आचारी तीस ग्रॅम फरसाण घालील व तर्री एकच चमचा वाढील, तर हीच बेरीज पावणेसहाशेच्या आसपास येते. शिवाय ‘रस्सा वाढा’ म्हटल्यावर जो रस्सा येतो तो कोणत्या हिशेबात धरावयाचा? साखळी-उद्योगात पदार्थ वजनाने ठरलेला असतो, म्हणून तेथील आकड्यास अर्थ आहे. जेथे हाताच्या अंदाजावर स्वयंपाक चालतो तेथे छापलेला आकडा खोटा ठरण्याचा संभव अधिक, आणि खोट्या आकड्यावर विसंबून राहणे हे आकडा नसण्यापेक्षा अधिक घातक होय.

परदेशांतील अनुभवही डोळसपणे पाहावयास हवा. न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये साखळी भोजनगृहांना कॅलरी दर्शविणे सक्तीचे केले. संपूर्ण अमेरिकेत हा नियम मे २०१८ पासून आणि इंग्लंडमध्ये अडीचशे वा अधिक कर्मचारी असलेल्या उद्योगांसाठी एप्रिल २०२२ पासून लागू झाला. या विषयावरील अनेक प्रयोग एकत्र तपासणारा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आकडा पाहून ग्राहकाच्या निवडीत सरासरी १.८ टक्के घट होते, म्हणजे ६०० किलोकॅलरींच्या जेवणात सुमारे ११. दोन बदामांइतका हा फरक आहे. लाखो लोकांच्या रोजच्या जेवणात तो साठत जातो हे खरे. तथापि एखाद्या रुग्णाची साखर केवळ फलकाने आटोक्यात येईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

२०२५ च्या जून महिन्यात केंद्रीय आरोग्य विभागाने सरकारी कार्यालयांत पदार्थांतील तेल व साखर दर्शविणारे फलक लावावेत, असे सुचविले. त्यावरून समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा छापला जाणार, अशा बातम्या उठल्या व नागपूरच्या एम्सच्या उपाहारगृहाचे नाव सर्वत्र झाले. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापण्याचा आदेश नाही, असा खुलासा शासनास करावा लागला. गदारोळ बाजूला ठेवला तर चमच्यांत सांगितलेले तेल व साखर सामान्य माणसास कॅलरीहून लवकर कळते, हे आम्हांस पूर्णपणे पटते.

आकड्याच्या मर्यादा आणखीही आहेत. फलकावरील २,००० हा सरासरीचा आकडा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीस १,६६० किलोकॅलरी पुरतात, तर अतिश्रमाचे काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषास ३,४७० लागतात. पाथर्डीहून कारखान्याच्या फडावर गेलेल्या ऊसतोड कामगारास आणि कारखान्याच्या कार्यालयातील लिपिकास एकच ताट वाढले, तर ते एकास अपुरे व दुसऱ्यास जादा होईल. पुन्हा, कॅलरी मिठाविषयी मौन पाळते. रक्तदाबाच्या रुग्णाने कमी कॅलरीचे म्हणून लोणचे-पापड निवडले तर त्यात त्याचा तोटाच आहे.

सर्वांत काळजीची बाब निराळीच आहे. इन्सुलिन घेणाऱ्या, अथवा स्वादुपिंडास इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने मोठा आकडा पाहून ताट अर्धे ठेवले, तर घेतलेले औषध आपले काम करीतच राहते आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. प्रवासात सोबतचे लोक त्यास थकवा समजतात. जेवणाआधीचे इन्सुलिन टोचून हॉटेलात बसावे आणि ताट अर्ध्या-पाऊण तासाने यावे, याचाही परिणाम तोच. म्हणून अशा रुग्णांनी ताट समोर येईपर्यंत जेवणाचे इन्सुलिन घेऊ नये. खिशात साखर ठेवावी. लक्षणे जाणवताच आणि रुग्ण शुद्धीवर व गिळू शकत असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी व त्यानंतर काही खावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्यास तत्काळ रुग्णालयात आणावे. आहार कमी करावयाचा असेल तर औषधाची मात्राही डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

जेथे आकडा नाही तेथे काय करावे, हे आम्ही रुग्णास पुढीलप्रमाणे सांगतो. राइसप्लेट आल्याबरोबर भाताची निम्मी वाटी व पापड बाजूस काढावे आणि ते सोबतच्या माणसास द्यावे. शेवटी सोडू म्हणून ठेवलेले बहुधा खाल्ले जाते. भाजीवर तरंगणारे तेल वाटी कलती करून निथळू द्यावे. मिसळ खावयाचीच असेल तर तर्री वेगळी मागावी व एकच पाव घ्यावा. पिठले-भाकरी, वरण, ताक, कांदा-काकडी हे आपल्या भागात जवळपास प्रत्येक ढाब्यावर मिळते. मात्र पिठल्यावरचे कच्चे तेल नको म्हणून आधीच सांगावे. चहात साखर नको हे सांगण्यास संकोचू नये, कारण हॉटेलचा चहा बहुधा साखर घालूनच उकळलेला असतो. आकडा छापलेला असेल तेथे तो एका वाढणीचा आहे की संपूर्ण पदार्थाचा, हे अवश्य पाहावे. पिझ्झाच्या एका तुकड्याचा आकडा वाचून चार तुकडे खाल्ले जातात.

हॉटेल-व्यवसायातील आमच्या हितचिंतकांकडे आकड्याची मागणी नाही. अर्धी प्लेट अर्ध्याच्या जवळपास किमतीत मिळावी, बिनसाखरेच्या चहाचे वेगळे भांडे असावे आणि तर्री मागितल्यावरच वाढली जावी, एवढे झाले तरी पुष्कळ होईल. रुग्णांनी पुढील तपासणीस येताना बाहेरच्या जेवणाची नोंद वहीत करून आणावी. ग्रॅम लिहिण्याची आवश्यकता नाही. भाकऱ्या किती, भात किती वाट्या, वर तेल दिसत होते किंवा नाही, औषध किती वाजता घेतले आणि ताट किती वाजता आले, एवढे लिहिलेले असले की आम्हांस पुढचा हिशेब मांडता येतो.