एमीच्या यादीतले हरलेले

21 मे 1999. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या थिएटरात डेटाइम एमीचा सोहळा रंगात आला होता. शेमार मूर या तरुण अभिनेत्याने पाकीट फोडलं आणि विजेतीचं नाव घेण्याआधीच पराभवांची मालिका संपल्याचं जाहीर करून टाकलं. सभागृह उठून उभं राहिलं, टाळ्या काही मिनिटं थांबेनात. 'ऑल माय चिल्ड्रन' या दुपारच्या मालिकेत 1970पासून एरिका केन साकारणाऱ्या सुसान लुसीला पहिलं नामांकन 1978 साली मिळालं होतं. त्यानंतर अठरा वेळा हरून, एकोणिसाव्या खेपेला ती जिंकली.

अमेरिकी टेलिव्हिजनचा हा मानाचा पुरस्कार सुरू झाला तो अगदी घरगुती थाटात. 25 जानेवारी 1949 रोजी हॉलिवूड अ‍ॅथलेटिक क्लबात पहिला समारंभ झाला, तोही फक्त लॉस एंजेलिस परिसरातल्या कार्यक्रमांपुरता. सर्वोत्तम व्यक्तिमत्त्वाचा मान मिळाला शर्ली डिन्सडेल या विशीतल्या शब्दभ्रमकार तरुणीला आणि अर्थात तिच्या जुडी स्प्लिंटर्स या बाहुलीला. मराठी वाचकाला इथे पाध्यांचा अर्धवटराव आठवल्याशिवाय राहणार नाही.

पुढे पसारा वाढला, याद्या लांबल्या. त्या याद्यांत विजेत्यांइतकेच हरलेलेही मोलाचे आहेत. 'मर्डर, शी रोट'चे बारा सीझन चालले. बाराही वर्षी अँजेला लॅन्सबरीला नामांकन मिळालं, पुरस्कार एकदाही नाही. 'बेटर कॉल सॉल'ची कथा तर आणखी चटका लावणारी. सहा सीझन, 53 नामांकनं आणि विजय शून्य. संपामुळे लांबलेला शेवटचा सोहळा जानेवारी 2024मध्ये झाला, तेव्हाही ती मालिका रिकाम्या हाताने परतली.

असं का होतं? एक कारण निवडीच्या रीतीत सापडतं. नामांकन मिळालेला कलाकार परीक्षणासाठी आपला एकच भाग पाठवतो. ज्या भूमिकेत एखादा मोठा स्फोटक प्रसंग आहे, तिला याचा फायदा मिळतो. रिआ सीहॉर्नने 'बेटर कॉल सॉल'मध्ये उभी केलेली किम वेक्सलर मात्र वर्षानुवर्षं, थोडी थोडी बदलत जाते. ती एका भागात मावणार कशी?

'द वायर'वरचा अन्याय याहून मोठा. बाल्टिमोरमध्ये गुन्हेगारीची वार्तांकनं केलेला डेव्हिड सायमन आणि तिथलाच माजी पोलीस डिटेक्टिव्ह एड बर्न्स यांनी 2002 ते 2008 या काळात साठ भागांत एक आख्खं शहर उलगडून दाखवलं: अमली पदार्थांचे अड्डे, गोदी, महापालिका, शाळा, वर्तमानपत्र. एमीने तिला सबंध प्रवासात दोन नामांकनं दिली. दोन्ही लेखनासाठी, आणि दोन्ही हुकली. इतक्या ताकदीच्या कलाकारांपैकी एकाचंही नाव यादीत नसावं, ही एमीच्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक आहे. पुढे हार्वर्डमध्ये विल्यम ज्युलियस विल्सन या समाजशास्त्रज्ञाने शहरी विषमता शिकवायला हीच मालिका घेतली.

दार हळूहळू रुंदावतंय, हेही खरं. बहुतांश संवाद जपानीत असलेल्या 'शोगुन'ने 2024मध्ये एकाच सीझनसाठी 18 एमी पटकावून विक्रम केला. आंतरराष्ट्रीय एमी देणारी संस्था वेगळी; तिथे 2019मध्ये 'लस्ट स्टोरीज'साठी राधिका आपटेला अभिनेत्रींच्या यादीत स्थान मिळालं, आणि पुढच्याच वर्षी 'दिल्ली क्राइम' सर्वोत्तम नाट्यमालिका ठरली. त्या मालिकेचा कणा असलेल्या शेफाली शाहला अभिनयाचं नामांकन मिळालं 2023 साली, दुसऱ्या सीझनसाठी. पुरस्कार तिलाही मिळाला नाही.