पितळी बँडच्या जुन्या वह्या

दसऱ्यानंतर रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांची पालखी निघते आणि पोलिसांचे सशस्त्र पथक देवाला मानवंदना देते. पलटणी शिस्त व ग्रामश्रद्धा यांचा हा संगम ज्याने पाहिला, त्याला फौजेची पितळी वाद्ये आपल्या वराती-मिरवणुकांत कशी रुळली हे निराळे सांगावे लागत नाही. मराठी दरबाराशी या वाद्यांचा संबंध त्याहून जुना आहे, कारण तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) आपल्या पदरी पाश्चात्त्य बँड ठेवला होता.

परंतु एकोणिसाव्या शतकाचे बँडसंगीत त्या काळच्याच ध्वनीत पुन्हा वाजवणे हे मोठे कष्टसाध्य काम आहे. १८१४ च्या सुमारास जर्मनीत व्हॉल्व्हची युक्ती निघेपर्यंत साध्या तुतारीतून मोजकेच स्वर निघत. ती निघाल्यावर सर्व स्वर बोटांच्या आटोक्यात आले, आणि पुढे अडॉल्फ साक्स यांनी लहानमोठ्या वाद्यांचे एकजिनसी कुटुंबच घडवल्यामुळे दिवसभर भट्टीपाशी राबणारा मजूरही संध्याकाळी बँडमध्ये बसू लागला. वेल्समधील कवार्थ्वाच्या लोखंड कारखान्याचा बँड १८३८ साली उभा राहिला, आणि त्याच्या हस्तलिखित वह्या सुरक्षित राहिल्या म्हणूनच ट्रम्पेटवादक जॉन वॉलेस व त्यांच्या सहकाऱ्यांना ते संगीत जुन्या वाद्यांवर पुन्हा वाजवता आले. खरी अडचण सुराची असते: त्या काळच्या इंग्रजी बँडांचा षड्ज आजच्याहून जवळजवळ पाव स्वर चढा होता, आणि मुख्य नळी लांबवून तो उतरवावा तर व्हॉल्व्हच्या नळ्यांचे प्रमाण बिघडून वाद्य बेसूर होते; म्हणून सगळा ताफाच एका जातीच्या जुन्या वाद्यांचा जमवावा लागतो.

आपल्याकडची उणीव याहून गंभीर आहे. गोव्यात चर्चच्या शाळांनी मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवले. इकडे मात्र बँडची विद्या बहुधा कानावरून कानावर उतरली, आणि ज्याचे दफ्तर नाही ते वादकाबरोबरच संपते. पेण-रोह्याच्या रस्त्यांवर बेंजो आणि ध्वनिवर्धकांचे राज्य झाल्यापासून कॉर्नेट व युफोनियम वाजवणारे हात कमी होत चालले आहेत, आणि हा ऱ्हास मला अत्यंत क्लेशकारक वाटतो.

म्हणून पेण-रोह्यातील ज्या घरांच्या माळ्यावर जुने कॉर्नेट, क्लॅरिनेट किंवा बँडची वही असेल, त्यांनी ती मोडीत घालू नये. आणि ज्यांच्या ओळखीत एखादा वृद्ध बँडमास्तर असेल, त्यांनी त्याच्या चाली येत्या गणेशोत्सवापूर्वी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात.